दुधाळ पाण्यातला ओटा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, खोलीतल्या सोबत्याला नाही. एकदा पूर्णेच्या स्टेशनावर गाडी लेट होती. बाकावर शेजारी एक अनोळखी म्हातारा बसला होता. वाटलं, याला सांगून टाकावं, हा परत कुठे भेटणार आहे. तोंडसुद्धा उघडलं. आणि बाहेर काय पडलं — तर, बाबा, किती वाजले? त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. माझ्या मनगटावर होतं.

तुम्हाला सांगतो. पण सरळ सांगता येईल असं वाटत नाही. आधी उंदरांचं सांगतो, त्यांचं सांगणं सोपं आहे. माझं नंतर.

मी परभणीत बी.एस्सी.ला होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज बघितलेलं नव्हतं. वडील रेल्वेत गँगमन, रुळाखालची खडी सारखी करणारे. आई दुसऱ्याच्या रानात जायची. मी 'कमवा आणि शिका'मध्ये नाव घातलं आणि मला प्रयोगशाळेतली उंदरं सांभाळायचं काम मिळालं. मिळालं म्हणजे — मिळवून दिलं. प्रल्हाददादानं.

दादा सोनपेठकडचा. आमच्यासारख्याच बौद्ध घरातला, आईबाप मजुरी करणारे. प्राणिशास्त्र विभागातल्या सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होता. आमच्या विभागात इथवर पोचलेला आमच्यातला तो पहिलाच, आणि याची त्याला रोज कुणी ना कुणी आठवण करून द्यायचं. सरांकडे जाऊन त्यानं सांगितलं होतं, हा पोरगा माझ्या भरवशावर घ्या. हे शब्द त्यानं मला कधी ऐकवले नाहीत. शिपायाकडून कळले.

त्याचा प्रश्न असा होता. डोक्याच्या मागच्या बाजूला, मोठ्या मेंदूच्या खाली, एक लहान मेंदू असतो. पुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हणतात आणि त्याचं काम एका ओळीत सांगतात — शरीराचा तोल सांभाळणे. दादाला ते पुरेसं वाटत नव्हतं. जागा शिकण्यात, वाट ध्यानात ठेवण्यात त्या लहान मेंदूचाही हात असला पाहिजे, असं त्याला वाटायचं. "रतन्या, तू सायकलीवर घरी जातूस, तवा तोल एकजण सांभाळतो आन रस्ता दुसराच व्हय?" सर म्हणायचे, करून बघा. म्हणण्याची पद्धत अशी, की करून काही निघणार नाही.

प्रयोग सांगतो. गुरांना पाणी पाजायला पत्र्याची गोल टाकी असते, तसली एक टाकी. तिच्यात कोमट पाणी. पाण्यात दुधाची भुकटी कालवलेली, म्हणजे खालचं काही दिसू नये. आणि त्या दुधाळ पाण्याखाली बोटभर, एका ठरलेल्या जागी, वाळू भरलेली बरणी. तिच्या झाकणावर गोणपाटाचा तुकडा, पाय रोवायला. आम्ही तिला ओटा म्हणायचो. उंदीर पाण्यात सोडायचा. त्याला पोहता येतं पण आवडत नाही, तो टेकायला जागा शोधतो. ओटा तर दिसत नाही. मग तो खोलीकडे बघून शिकतो — खिडकी इकडे, कपाट तिकडे, म्हणजे ओटा त्या अंगाला. थोड्या दिवसांत धडधाकट उंदीर कुठूनही सोडला तरी नीट ओट्यावर जाऊन बसतो आणि मिशा पुसायला लागतो. मला ते बघायला फार आवडायचं.

काही उंदरांच्या लहान मेंदूचा भाग सरांनी शस्त्रक्रिया करून काढलेला होता. ती उंदरं कलून चालायची, कलून पोहायची. त्यांना ओटा शिकता येतो का, एवढंच बघायचं होतं.

आणि एक नियम होता. ठरलेल्या वेळात ज्याला ओटा सापडला नाही, त्याला तसंच उचलून बाहेर काढायचं नाही. हातानं हळूच ओट्यापर्यंत न्यायचं, वर चढवायचं आणि तिथे थोडं बसू द्यायचं. मान वळवून खोली बघू द्यायची. हे दादानं मला पहिल्या दिवशी माझा हात हातात धरून शिकवलं. "ज्याला घावलं न्हाई, त्यालाच जास्त बसू द्यायचं," तो म्हणाला. "त्याचा धडा पवण्यात न्हाई. बसण्यात हाय."

दादा स्वतः पडद्यामागे बसायचा. जुन्या चादरीचा पडदा. कारण उंदीर माणसालाही खूण धरतो, माणूस हलला की त्याची खूण हलते. टाकीशी एकजण तर लागणारच. तो मी. माझी जागा ठरलेली, दाराच्या अंगाला, पांढरा कोट घालून, कपाटासारखा उभा. उंदीर ओट्यावर गेला की मी म्हणायचं, चढला. वेळ संपली की दादा आतून म्हणायचा, बस. पुढचं सगळं माझ्या हातात. त्याला ते दिसत नव्हतं. उठून, पडदा सारून बघायला कितीसा वेळ लागला असता? तो कधी उठला नाही.

आता ते.

धडधाकट उंदरांची पाळी आधी झाली. तेव्हा मी नवा होतो, घाबरत घाबरत सगळं नियमानं करायचो. मग शस्त्रक्रिया झालेल्यांची पाळी आली. ती पाण्यात बघवत नव्हती. एका कुशीवर होऊन, नाक तेवढं वर धरून, गोल गोल फिरायची. आमच्याकडे म्हणतात, पाण्यात तडफडणारा जीव बघत उभं राहू नये. गुरांच्या डोणीत चिमणीचं पिल्लू पडलं तर आई हातातलं काम टाकून आधी ते बाहेर काढायची, मग जनावराला पाणी. मी त्यातच वाढलेला. दादानं बस म्हटलं की माझा हात सरळ त्या उंदराच्या पोटाखाली जायचा — जिथे असेल तिथून वर, आणि टॉवेलात. ओटा राहिला बाजूला.

असं सांगितलं की बरं वाटतं, नाही? दया आली म्हणून चुकलो. मीही स्वतःला बरेच दिवस असंच सांगितलं. पण दया पहिल्या काही दिवसांचीच होती. नंतर ती राहिली नाही, सवय राहिली. आणि घाई. मेस बंद व्हायची. विद्यापीठाच्या नामांतराच्या सभेला जायचं असायचं, पुढच्या रांगेत जागा धरायची असायची. हिवाळ्यात कोपरापर्यंत ओला हात गारठून जायचा. प्रत्येक उंदराला ओट्यावर बसवून थांबायचं म्हणजे सगळ्यांचा मिळून बराच वेळ जायचा. तो मी मारला. ज्यांना सापडत नव्हतं, नेमकं त्यांनाच मी बसू दिलं नाही.

मला कळत नव्हतं, असं म्हणू का? म्हणता आलं असतं — पण एक गोष्ट झाली. त्यातली काही उंदरं थोड्या दिवसांनी, पाण्यात सोडली की कलत कलत माझ्याच दिशेनं यायला लागली. दाराच्या अंगाला, कोटाकडे. मला आनंद झाला. वाटलं, ओळखायला लागली आपल्याला. एकीला तर मी मनातल्या मनात सखू म्हणायचो. आणि एक दिवस सखू टॉवेलात थरथरत असताना माझ्या लक्षात आलं, की ही ओळखतेच आहे. पाण्यातून सुटका जिथे मिळते ती जागा ती बरोबर शिकली आहे. तिचा ओटा मीच झालोय. तिला शिकता येत नव्हतं असं नाही. मी शिकवलं ते ती शिकली होती.

दादा तेव्हा कापडापलीकडे होता, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळी पाळी वाया गेली असती, सरांना नव्या उंदरांवर परत शस्त्रक्रिया करावी लागली असती, आणि पहिला प्रश्न आला असता — हा पोरगा कुणी आणला?

शेवटी दादानं एक परीक्षा घेतली. ओट्यावर काडी रोवून तिला लाल चिंधी बांधली. आता ओटा कुठे आहे ते उघड दिसत होतं. तीच कलणारी उंदरं चिंधीकडे नीट पोहत गेली. दादा पडद्यामागून बाहेर आला. मी त्याला एवढा खूश कधी बघितला नव्हता. "बघ. पवता येतंय. दिसंल तिथं जाता येतंय. न दिसणारी जागा तेवढी ध्यानात ऱ्हाईना. हे तोलाचं न्हाई रतन्या, वाटंचं हाय." त्या संध्याकाळी त्यानं मला स्टेशन रोडला भजी खाऊ घातली. आपल्या पुड्यातली निम्मी माझ्या पुड्यात टाकली. मी खाल्ली.

दादाचा प्रबंध पाठवण्याआधी सरांनी तोच प्रयोग दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून करून घेतला. त्याला मी दोष देत नाही, त्यानं सगळं नियमानं केलं. त्याच्या उंदरांना ओटा शिकता आला. उशिरा, चुकतमाकत, पण आला. दादाच्या आकड्यांत मात्र तसलीच उंदरं शेवटच्या दिवशीही पहिल्या दिवसाइतकीच चाचपडत होती. एवढा फरक कसा पडेल?

सरांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. गेटवर घोषणा चालू होत्या, त्या दिवसांत रोजच असायच्या. सरांनी खिडकी लावून घेतली. ते कधी आवाज चढवत नसत.

"रतन, ज्या उंदराला सापडलं नाही, त्याला प्रत्येक वेळी ओट्यावर बसवत होतास?"

मी म्हणालो, "हो सर."

दादानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. लांबून काही ऐकू येतंय आणि ते नीट कळत नाही, अशा वेळी माणूस बघतो तसं. मग म्हणाला, "सर, त्याला परत एकदा विचारा."

सरांनी परत विचारलं. मी परत हो म्हणालो.

पहिलं 'हो' तोंडातून निसटलं, असं म्हणता येईल. पण दुसऱ्याच्या आधी मला वेळ मिळाला होता. त्या वेळात मी कसला विचार केला असेल? की आता शब्द फिरवला तर आपण खोटारडे ठरू.

"मग आकडे घरी बसून तयार केलेले दिसतात," सर दादाला म्हणाले. "घाई मी समजू शकतो. तुम्हा लोकांना लवकर पुढे यायचंय."

तुम्हा लोकांना. त्यात मीही होतो, हे कळायला मला अक्कल लागत नव्हती. पण सर बघत होते दादाकडे. आणि मला — हे लिहायला जड जातंय — हायसं वाटलं.

जिन्यात दादा थांबला. दोन पायऱ्या खाली, मी वर.

"ओट्यावर बसवलं की पुढचा उंदीर सोडूस्तोवर पाणी बराच येळ गप ऱ्हातं, रतन्या," तो म्हणाला. "पडद्यामागं मला ते ऐकू यायला पायजे व्हतं. कितीक दिस आलं न्हाई. मला वाटलं, आपलाच कान बसला. तू करायलास म्हणल्यावर उठून कशाला बघायचं?"

मी कठड्याकडे बघत होतो.

"सरांनी लबाड म्हणलं त्याचं न्हाई वाटत. ते वाटच बघायले व्हते. तुला 'हो' कुणी म्हणाय लावलं?"

त्यानं उत्तराची वाट बघितली. खरंच बघितली. मी जिन्याच्या कठड्यावरची रंगाची खपली नखानं काढत राहिलो. मग तो उतरून गेला.

एक 'नाही' म्हटलं असतं तर काय झालं असतं? मला कामावरून काढलं असतं. दादाला परत नवी उंदरं घेऊन बसावं लागलं असतं. त्याचा एक हिवाळा गेला असता. एवढंच. मी 'हो' म्हणालो आणि त्याची पीएच.डी. गेली, नाव गेलं. काही आठवड्यांत त्यानं विभाग सोडला. त्या काळी नामांतरावरून आमच्या तोंडावर एक वाक्य फेकलं जायचं — यांना नुसतं नाव पायजे, काम नको. आता त्या वाक्याला दाखवायला माणूस मिळाला. मेसमध्ये मी समोर असताना एकानं ते दादाचा उल्लेख करून म्हटलं. बाकीचे हसले. मी वाढप्याला म्हणालो, थोडी भाजी.

नंतर एकदा बसस्टँडवर तो दिसला. सोनपेठच्या गाडीत, खिडकीशी. तिकडे कुठल्या शाळेत विज्ञान शिकवतो, असं ऐकलं होतं. त्यानं हात केला नाही, मानही फिरवली नाही. गाडी निघेपर्यंत नुसता बघत राहिला. मी दुसऱ्या एका गाडीची पाटी वाचत उभा होतो. ती गाडी येलदरीला जाणारी होती. माझं येलदरीला काही काम नव्हतं.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. तुम्ही म्हणाला असता, पोर होतं, भ्यालं. पण हे अर्धंच झालं. पुढचं भीतीचं नाही.

मी एम.एस्सी.ला तिथेच राहिलो. विषय ठरवायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, उंदरांचं काम तुझ्या हातातलं आहे, तेच पुढे नेतोस का? मी नेतो म्हणालो. या वेळी मी एकही नियम मोडला नाही. न सापडलेल्या प्रत्येक उंदराला ओट्यावर बसवलं. हात गारठले तरी थांबलो. आणि निकाल आला. लहान मेंदूचा भाग काढलेली उंदरं ओटा शिकतात, पण उशिरा शिकतात. मध्ये काही दिवस गेले की धडधाकटांच्या आधी विसरतात. चिंधी लावून ओटा दाखवला तर मात्र दोघांत फारसा फरक राहत नाही. म्हणजे नुसत्या तोलाचं हे नव्हतं. म्हणजे दादाचं म्हणणं खरं होतं. त्यानं मांडलं होतं तेवढं पक्कं नाही, पण खरं होतं.

हे त्या दिवशी जगात फक्त मला माहीत होतं. सोनपेठची गाडी दर थोड्या वेळानं सुटते. मी गेलो नाही.

सर खूश झाले. म्हणाले, बघ, नीट केलं की कसं येतं.

त्याच हिवाळ्यात, संक्रांतीला, नामांतर झालं. मी पूर्णेला घरी गेलो होतो. वस्तीत निळा गुलाल, पेढे, लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. आई दारात बसून म्हणाली, "एका नावापायी किती घरं जळाली रं." मी तिच्याजवळ बसलो होतो. माझा प्रबंध त्या आठवड्यात टायपिंगला होता. त्यात सुरुवातीला मी सगळ्यांचे आभार मानले होते — सरांचे, आईवडिलांचे, उंदरांना दाणा आणणाऱ्या शिपायाचेसुद्धा. दादाचं नाव त्यात नव्हतं. लिहिलं तर सर हरकत घेतील, असं मी स्वतःला सांगितलं होतं. सरांना मी विचारलं नव्हतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. म्हातारे, मऊ बोलणारे. त्यांनी प्रबंध खरंच वाचलेला होता, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. पद्धतीबद्दल विचारलं, मला सगळं सांगता आलं. ओट्यावर का बसवायचं, हेही सांगता आलं. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"काम चांगलं आहे. पण मला यातला प्रश्न जास्त आवडला. तोल की वाट. आपल्याकडे असं कुणी विचारत नाही. कुठून सुचला तुम्हाला?"

सर शेजारी बसले होते. ते टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

त्या खोलीत मला कुणी काढून टाकणार नव्हतं. मेसची घाई नव्हती. म्हाताऱ्यांना उत्तराची खरंच उत्सुकता होती. कुणाचंही नाव सांगितलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती, कदाचित लिहूनही घेतलं असतं, आणि माझा एक गुणही कमी झाला नसता.

मी म्हणालो, "असाच सुचला, सर. उंदरं सांभाळता सांभाळता."

ते शाबास म्हणाले. मी हात जोडले.